पातळ तळाचे बूट, व्यायामशाळा आणि पावलाची हाडे

पावलाच्या नैसर्गिक हालचालीत कमीत कमी हस्तक्षेप करणारे पादत्राण, अशी मिनिमलिस्ट बुटांची व्याख्या ११ देशांतील ४२ तज्ज्ञांनी विचारविनिमयातून तयार केली आणि ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. एखादा बूट या वर्गात कितपत बसतो हे ठरवण्यासाठी त्यांनी पाच निकष घालून दिले : बुटाचे वजन, तळाची जाडी, टाच आणि चवडा यांच्या उंचीतील फरक, तळाचा लवचीकपणा आणि पाऊल आत किंवा बाहेर कलू नये म्हणून बसवलेल्या आधारांचा अभाव. धावण्याच्या नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारणपणे १० ते १२ मिलिमीटर उंच असते आणि तिच्याखाली फोमचा जाड थर असतो. मिनिमलिस्ट बुटात हा फरक जवळजवळ शून्यावर येतो, फोम नाहीसा होतो आणि पावलाखाली काही मिलिमीटर रबर तेवढे उरते. धावपटूंपासून सुरू झालेला या बुटांचा प्रसार आता व्यायामशाळांपर्यंत पोहोचला आहे, जिथे वजन उचलणे, ट्रेडमिलवर धावणे, दोरीवरच्या उड्या मारणे आणि लाकडी खोक्यावर झेप घेणे हे अगदी भिन्न स्वरूपाचे व्यायाम एकाच तासात आणि एकाच बुटात केले जातात. या बुटांची बरी-वाईट बाजू तपासताना ही भिन्नता बहुधा नजरेआड होते, आणि दुखापतींचे मूळ पुष्कळदा तिच्यातच असते.

या पादत्राणांच्या लोकप्रियतेमागे थोडे विज्ञान आणि पुष्कळ उत्साह होता. पर्वतारोहणाच्या बुटांसाठी रबरी तळ बनवणाऱ्या व्हिब्रम या इटालियन कंपनीने पाच बोटांसाठी पाच कप्पे असलेले ‘फाइव्हफिंगर्स’ बूट २००५ च्या सुमारास आणले. २००९ मध्ये क्रिस्टोफर मॅकडूगल यांचे ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि साध्या चपलांवर डोंगरदऱ्यांतून लांब पल्ल्याची धाव घेणारे मेक्सिकोतील ताराहुमारा लोक जगभराच्या धावपटूंना ठाऊक झाले. पुढच्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की सतत अनवाणी धावणारे लोक बहुधा टाचेऐवजी चवड्यावर किंवा पावलाच्या मधल्या भागावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीला पाय टेकताक्षणी बसणारा पहिला तीव्र धक्का त्यांना फारसा बसत नाही. या संशोधनात दुखापतींचे प्रमाण मोजलेले नव्हते, ही बाब मात्र जाहिरातींच्या गदारोळात मागे पडली. बुटांच्या आरोग्यविषयक दाव्यांना पुरेसा आधार नाही, असा आक्षेप घेऊन अमेरिकेत व्हिब्रमविरुद्ध २०१२ मध्ये सामूहिक दावा दाखल झाला आणि कोणतीही चूक मान्य न करता कंपनीने २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली.

पातळ तळामुळे शरीरावरचा भार कमी होत नाही; तो केवळ एका अवयवाकडून दुसऱ्याकडे जातो, हे या विषयातील मूळ तत्त्व होय. जाड टाचेच्या बुटात माणूस टाचेवर उतरतो तेव्हा धक्क्याचा काही भाग फोम शोषून घेतो आणि उरलेला नडगीतून गुडघ्याकडे व तेथून पुढे नितंबाकडे जातो. फोम काढून टाकला की टाचेवर आदळणे दुखू लागते, पाऊल आपोआप चवड्यावर पडू लागते आणि टाच हळूहळू खाली आणण्याचे काम पोटरीच्या स्नायूंना व टाचेमागच्या जाड शिरेला करावे लागते. या शिरेला बोलीभाषेत धोंडशीर आणि वैद्यकात अकिलीस टेंडन म्हणतात. या बदलात गुडघ्यावरचा ताण काहीसा हलका होतो, म्हणूनच गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखणाऱ्या काही जणांना अशा बुटांत बरे वाटते आणि त्यांचा अनुभव खोटा नसतो. परंतु गुडघ्याने टाकलेले ओझे पोटरी, धोंडशीर आणि चवड्याची हाडे यांनी उचललेले असते, आणि वर्षानुवर्षे उंच टाचेच्या बुटांत वावरलेल्या माणसाचे हे अवयव त्या कामासाठी तयार असतीलच असे नाही.

मानवी पावलात २६ हाडे असतात. त्यांतील पाच लांबट हाडे पावलाचा मधला भाग बोटांशी जोडतात. त्यांना प्रपदास्थी म्हणतात. चवड्यावर उतरताना त्यांच्यावर वाकवणारा ताण येतो आणि तो दुसऱ्या व तिसऱ्या प्रपदास्थीवर विशेष पडतो, कारण अंगठ्याकडचे पहिले हाड जाड व भक्कम असते, चौथे व पाचवे हाड थोडे वरखाली हलू शकते, पण दुसऱ्याचे मूळ मागच्या हाडांच्या खाचेत घट्ट बसलेले असल्यामुळे त्याला हलून ताण सोडून देण्याची सोय नसते. लांबच्या कवायतींनंतर सैनिकांच्या पावलांना येणारी वेदनादायक सूज प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने १८५५ मध्ये वर्णन केली होती. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर ४० वर्षांनी लागला, आणि मगच या सुजेच्या तळाशी प्रपदास्थीला गेलेली बारीक चीर असते हे स्पष्ट झाले. एका मोठ्या आघाताऐवजी सहस्रावधी लहान आघातांनी हाडाला पडणाऱ्या अशा चिरेला आज स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणजन्य अस्थिभंग, म्हणतात.

ही चीर का पडते हे समजण्यासाठी हाड ही सतत घडत-मोडत असणारी जिवंत ऊती आहे हे लक्षात घ्यावे लागते. नेहमीपेक्षा जास्त भार पडू लागला की हाड तो पेलण्यासाठी स्वतःची पुनर्रचना करते. या पुनर्रचनेत आधी जुना, थकलेला भाग विरघळवला जातो आणि नंतर त्या जागी नवा भाग रचला जातो. विरघळवण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, रचण्याचे काम मात्र काही महिने चालते. खराब रस्ता पक्का करण्यासाठी तो आधी उखडावा लागतो आणि त्या काळात जड वाहने तिथून नेता येत नाहीत, तशीच ही स्थिती असते : नवा भार सुरू झाल्यापासून साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पुढचे काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा किंचित दुर्बळ असते. नेमक्या याच काळात स्नायू नव्या कामाला सरावलेले असतात, पोटरी दुखायची थांबलेली असते, आणि आता आपल्याला हे बूट मानवले असे समजून व्यायाम करणारा माणूस भार वाढवतो. स्नायू आणि हाड यांच्या वेगांमधली ही तफावत मिनिमलिस्ट बुटांच्या बहुतेक गंभीर दुखापतींचे खरे कारण आहे, आणि ती अंगमेहनतीने किंवा निर्धाराने भरून काढता येत नाही.

अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात सारा रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही प्रक्रिया प्रत्यक्ष दिसून आली. त्यांनी ३६ अनुभवी हौशी धावपटूंच्या पावलांचे एमआरआय चित्रण १० आठवड्यांच्या आधी आणि नंतर केले. त्यांपैकी १७ जण आपल्या नेहमीच्या बुटांत धावत राहिले, तर १९ जण टप्प्याटप्प्याने पाच कप्प्यांच्या पातळ बुटांकडे वळले. एमआरआयमध्ये अस्थिमज्जेतील सूज, म्हणजे हाडाच्या आतील भागात द्रव साचणे, दिसते. थोडी सूज पुनर्रचनेचे लक्षण असते, तर जास्त सूज हाड दुखावले जात असल्याचे सुचवते. अखेरीस पातळ बूट घालणाऱ्या १९ पैकी १० जणांच्या किमान एका हाडात लक्षणीय सूज आढळली, तर नेहमीच्या बुटांच्या गटात ती एकातच आढळली. हे धावपटू नवखे नव्हते आणि त्यांनी बदल एका रात्रीत केलेला नव्हता, हे विसरता कामा नये. ‘हळूहळू सवय करा’ हा सल्ला बरोबर असला तरी त्यातले ‘हळूहळू’ प्रचलित समजुतीपेक्षा कितीतरी जास्त हळू असायला हवे, हा या निष्कर्षाचा अर्थ होय.

त्यानंतरच्या दोन प्रयोगांनी चित्र आणखी स्पष्ट केले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १० किलोमीटरच्या शर्यतीची १२ आठवडे तयारी करणाऱ्या ९९ धावपटूंच्या दुखापती मोजण्यात आल्या : नेहमीच्या बुटांच्या गटात ४, पूर्ण मिनिमलिस्ट गटात ७ आणि अर्धवट पातळ तळाच्या गटात १२. मधल्या प्रकारच्या बुटांत सर्वाधिक दुखापती व्हाव्यात हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण पूर्ण पातळ तळ पावलाला निदान जमिनीची जाणीव करून देतो आणि चाल बदलायला भाग पाडतो, तर अर्धवट तळ सुरक्षिततेचा भास देतो आणि संरक्षण काढून घेतो, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण आहे. पूर्ण मिनिमलिस्ट गटात पोटरी व नडगी दुखण्याचे प्रमाण अधिक होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीने शरीराच्या वजनाचा मुद्दा पुढे आणला : ६१ धावपटूंना २६ आठवडे पाहिल्यावर असे दिसले की सुमारे ७१ किलोपेक्षा अधिक वजनाच्या धावपटूंना पातळ बुटांत दुखापतीचा धोका वाढतो आणि सुमारे ८६ किलोच्या धावपटूला तो नेहमीच्या बुटांच्या तुलनेत तिपटीच्या आसपास जातो. व्यायामशाळेच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा आहे, कारण वजन घटवण्यासाठी प्रथमच व्यायामशाळेत येणारा माणूस बहुधा याच वजनी गटातला असतो.

हे सर्व अभ्यास धावपटूंवरचे आहेत आणि व्यायामशाळेतील मिश्र व्यायामांना ते लावताना प्रत्येक प्रकार स्वतंत्रपणे पाहावा लागतो. जमिनीवरून वजन उचलण्याच्या डेडलिफ्टमध्ये पाऊल जागचे हलत नाही, धक्का बसत नाही आणि पातळ, न दबणारा तळ उलट फायद्याचा ठरतो. जाड मऊ फोमवर उभे राहून शंभर किलो उचलणाऱ्याचा घोटा डगमगतो, आणि अशा वेळी धावण्याचे महागडे बूट हीच धोक्याची गोष्ट असते. या एका व्यायामापुरते मिनिमलिस्ट बुटांचे समर्थन निःसंकोचपणे करता येते.

खांद्यावर वजन घेऊन मारायच्या बैठकांचे, म्हणजे स्क्वॉटचे, गणित निराळे आहे. खोल बैठकीत गुडघा पावलाच्या पुढे जाण्यासाठी घोटा पुरेसा वाकावा लागतो. लहानपणापासून उकिडवे बसण्याची सवय टिकवलेल्या माणसाला हे सहज जमते, परंतु खुर्ची, मोटार आणि कमोड यांच्या सोबतीने मोठ्या झालेल्या पिढीत अनेकांचे घोटे आखडलेले असतात. वेटलिफ्टरच्या बुटाला सुमारे २ सेंटिमीटर उंच टणक टाच असते ती याचसाठी. असा आखडलेला घोटा घेऊन शून्य उंचीच्या तळावर खोल बैठक मारली तर शरीर पळवाट शोधते : टाच उचलली जाते, पावलाची कमान आत कोसळते, गुडघे एकमेकांकडे झुकतात किंवा कमरेचा कणा तळाशी गोल होतो. अशा बैठकीनंतर तक्रार गुडघ्याची किंवा कमरेची असते आणि तिचे मूळ घोट्यात आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

खरा धोका उड्यांचा आहे. दोरीवरच्या उड्या पूर्णतः चवड्यावर होतात आणि पाच-दहा मिनिटांतच त्यांची संख्या शेकड्यांत जाते. खोक्यावर झेप घेऊन मागे उडी टाकत लगेच पुन्हा झेपावण्याच्या प्रकारात धोंडशीर आधी वेगाने ताणली जाते आणि त्याच क्षणी तिला पूर्ण जोर लावावा लागतो. धोंडशीर तुटण्याची घटना तीस ते पन्नास वर्षांच्या, आठवड्यात एखाददुसऱ्या वेळी जोरकस खेळ खेळणाऱ्या पुरुषांत अधिक आढळते. टाच उंच असलेल्या बुटात ही शीर थोडी सैल असते. टाच जमिनीसपाट आली की प्रत्येक उडीत ती अधिक लांब ताणली जाते. वेळेशी शर्यत लावून करायच्या सामूहिक व्यायामांत थकवा वाढत जातो तसे उतरणे बोजड होते, टाच धाडकन आदळते, आणि पातळ तळ ते आदळणे जसेच्या तसे टाचेच्या हाडापर्यंत पोहोचवतो. लंजमध्ये, म्हणजे एक पाय लांब पुढे टाकून बसताना, मागच्या पायाची बोटे वरच्या दिशेने पूर्ण दुमडतात आणि टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळव्याचा जाड पडदा ताणला जातो. पातळ, लवचीक तळ या दुमडण्याला कसलाच विरोध करत नाही, त्यामुळे तळव्याच्या पडद्याचे दुखणे, ज्यात सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना टाचेत कळ येते, आधीपासून असलेल्यांचा त्रास अशा व्यायामाने वाढू शकतो. उरलेल्या यंत्रांवरच्या व्यायामांत, जिथे माणूस बसलेला किंवा पडलेला असतो, बूट कोणता याने फारसा फरक पडत नाही.

वजन पायावर पडण्याचा धोका वेगळा सांगावा लागतो. २० किलोची लोखंडी प्लेट बोटांवर पडली तर नेहमीचा जाळीदार स्पोर्ट्स शूही बोट वाचवत नाही, हे मान्य करायला हवे. पण मिनिमलिस्ट बुटाचा वरचा भाग बहुधा पातळ कापडाचा असतो, बोटांपुढे टणक कड नसते, आणि बाकाच्या पायाला करंगळी ठेचकाळण्यापासून लहान डंबेल घसरून पडण्यापर्यंतच्या किरकोळ अपघातांत याचा परिणाम जाणवतो.

अनवाणी व्यायाम ही आपल्याकडची जुनी परंपराच आहे आणि तालमीत पैलवान कधी बूट घालत नव्हते, असे समर्थन महाराष्ट्रात पुष्कळदा केले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे. तालमीचा हौदा खणून, भुसभुशीत केलेल्या लाल मातीचा असतो आणि तो पावलाखाली दबतो. व्यायामशाळेतील रबराची चटई सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर अंथरलेली असते. पैलवानाचे पाऊल पोरवयापासून त्या मातीत घडलेले असते; दिवसातले दहा तास बंद बुटांत घालवून संध्याकाळी व्यायामशाळेत येणाऱ्या पस्तिशीच्या माणसाचे पाऊल तसे नसते. हीच गोष्ट ताराहुमारांची आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकणाऱ्या इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांची. त्याच बिकिला यांनी १९६४ मध्ये टोकियोत बूट घालून पुन्हा सुवर्णपदक जिंकले, हे मात्र अनवाणीपणाचे पुरस्कर्ते क्वचितच सांगतात.

मधुमेहाचा प्रश्न भारतीय वाचकांसाठी विशेष गंभीर आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत, आणि साखर आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांना व्यायामाचा सल्ला दिला जातो, जो योग्यच आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायाची संवेदना मंदावते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या आणि पुढे मधुमेहींच्या पावलांचा अभ्यास करून दाखवले की बधिर पावलाला होणाऱ्या जखमा रोगजंतूंमुळे आपोआप उद्भवत नाहीत. वेदना न जाणवल्यामुळे त्याच त्या जागी वारंवार पडणारा दाब त्या घडवतो. मिनिमलिस्ट बुटांचा सारा युक्तिवाद ‘पावलाला जमीन जाणवू द्या, मग ते स्वतःला सांभाळेल’ या गृहीतकावर उभा आहे, आणि ज्या पावलाला जमीन जाणवतच नाही त्याला तो लागू पडत नाही. तळपायाची संवेदना तपासून घेतल्याशिवाय मधुमेही व्यक्तीने असे बूट घालून व्यायाम करू नये, या म्हणण्याला अपवाद नाही. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्ती, ड जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता असलेले, आणि आहार फार तोडल्यामुळे मासिक पाळी अनियमित झालेल्या तरुणी यांनाही स्ट्रेस फ्रॅक्चरचा धोका अधिक असल्याने हाच सावधपणा लागू होतो.

एवढे सांगूनही या बुटांना सरसकट दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. सारा रिज यांच्याच गटाने २०१९ मध्ये दाखवले की आठ आठवडे मिनिमलिस्ट बुटांत नुसते चालल्याने पावलातील लहान स्नायूंचा आकार आणि जोर वाढतो, आणि ही वाढ खास पावलाचे व्यायाम करणाऱ्यांच्या तोडीची असते. इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांना २०२१ मध्ये असे आढळले की सहा महिने दैनंदिन वावर अशा बुटांत केल्यावर बोटे दाबण्याची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढते. दोन्ही ठिकाणी लाभ मिळाला तो चालण्याने आणि रोजच्या वावराने, म्हणजे संथ आणि हलक्या भाराने. पातळ तळाचा बूट पावलाला बळकट करू शकतो. त्याच बुटात पहिल्याच आठवड्यात उड्या मारल्या तर तो पाऊल जायबंदी करू शकतो.

यावरून व्यायामशाळेसाठीचा क्रम सहज ठरतो. पहिले एक-दोन महिने हे बूट घरी, चालताना आणि जागच्या जागी उभे राहून करायच्या व्यायामांतच वापरावेत, त्यासोबत टाचा उचलण्याचे व्यायाम करून पोटरी व धोंडशीर तयार करावी, आणि उड्या व ट्रेडमिल यांसाठी जुने बूट पिशवीत ठेवावेत. नंतर धावण्याची किंवा उड्यांची सुरुवात काही मिनिटांपासून, दिवसाआड आणि थकण्याच्या आधी करावी. दोन जोड बाळगणे गैरसोयीचे वाटले तरी एका बुटात सर्व काही करण्याचा आग्रह त्याहून महाग पडतो. नव्या सदस्याचे वजन, वय, मधुमेह आणि पूर्वीची पावलाची दुखणी विचारल्याशिवाय त्याला उड्यांच्या सामूहिक वर्गात उभे करणाऱ्या प्रशिक्षकांनी ही सवय बदलावी, अशी अपेक्षा करणे गैर नाही.

पोटरीचा दोन दिवस टिकणारा ठणका हा सरावाचा भाग असतो, पण हाडाचे दुखणे वेगळे ओळखू येते : ते एका बोटाने दाखवता येईल अशा नेमक्या जागी असते, व्यायाम पुढे सरकतो तसे वाढते, आणि पावलाच्या वरच्या बाजूस किंचित सूज येते. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ या वाक्यावर विसंबून व्यायाम चालू ठेवणारे अनेक जण बारीक चिरेचे पूर्ण अस्थिभंगात रूपांतर करून घेतात. अशी जागा दुखू लागली तर वेदनाशामक गोळी घेऊन वर्ग पूर्ण करू नये. त्याच दिवशी धावणे आणि उड्या थांबवाव्यात आणि दुखणे कायम राहिल्यास अस्थिरोगतज्ज्ञाला एमआरआयबद्दल आवर्जून विचारावे.